केनियातल्या खेड्यात पर्यावरण शिकवायला जाण्यापूर्वी: नवख्या स्वयंसेवकांसाठी

आफ्रिकेतल्या खेड्यांत जाऊन मुलांना पर्यावरण शिकवायचं आहे, असं म्हणणारी माणसं आता आपल्याकडेही भेटू लागली आहेत. कुणी नुकतंच पदवीधर झालेलं असतं, कुणी शाळेतून निवृत्त झालेलं, तर कुणी नोकरीतून वर्षाची सुट्टी काढलेलं. पण आफ्रिका म्हणजे ५४ देश. कोरडवाहू केनियात जे चालतं ते पावसाळी युगांडात चालेलच असं नाही. म्हणून या लेखात मी एकाच देशाबद्दल, त्यातही एकाच पट्ट्याबद्दल लिहिणार आहे. नैरोबीहून मोम्बासाकडे जाणाऱ्या रेल्वेच्या दोन्ही अंगांना पसरलेला माचाकोस, मकुएनी, कितुई आणि ताइता-तावेता हा तो कोरडा भाग. आपल्या माणदेशातून किंवा मराठवाड्यातून गेलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. पाऊस लहरी, नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या आणि शेती आभाळाच्या भरवशावर.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही मुलांचे शिक्षक म्हणून जात नाही, तिथल्या शिक्षकाचे मदतनीस म्हणून जाता. तुम्ही परत याल, तो शिक्षक तिथेच राहील. जे काम तुमच्यामागे तो स्वतः करू शकणार नाही, ते सुरूच करू नका.

१. आधी तो मुलूख समजून घ्या

तिकीट काढण्याच्या आधीचे दोन-तीन महिने वाचनाला द्या. तीन गोष्टी समजल्याशिवाय वर्गात उभं राहू नका.

पहिली गोष्ट पाऊस. या भागात वर्षातून दोनदा पाऊस पडतो. मार्च ते मे हा लांब पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा आखूड पाऊस. नावं अशी असली तरी या कोरड्या पट्ट्यातला शेतकरी आखूड पावसावर जास्त विसंबतो. २०२० ते २०२३ या काळात 'आफ्रिकेचं शिंग' म्हणतात त्या पूर्वेकडच्या टोकाच्या भागात पाठोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले. तुमच्या वर्गातल्या मुलांनी घरची गुरं मरताना पाहिलेली असण्याची शक्यता मोठी आहे. 'हवामानबदल म्हणजे काय?' असा प्रश्न फळ्यावर लिहिण्यापूर्वी हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट हत्ती. ताइता-तावेता जिल्ह्याचा मोठा भाग त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानांनी व्यापलेला आहे. ही उद्यानं १९४८ पासूनची. आपल्याला हत्ती म्हटलं की गणपती आठवतो. तिथल्या शेतकऱ्याला रात्रीत फस्त झालेला मका आठवतो. केनियाच्या २०१३ च्या वन्यजीव कायद्यात प्राण्यामुळे माणूस दगावला तर ५० लाख शिलिंग भरपाईची तरतूद आहे, पण ती वेळेवर हातात पडत नाही ही लोकांची जुनी तक्रार आहे. 'हत्ती वाचवा' असा तक्ता घेऊन तुम्ही वर्गात शिरलात, तर ज्या मुलीच्या घरचं पीक मागच्या आठवड्यात गेलं ती तुमच्याकडे कशी पाहील याचा विचार करा.

तिसरी गोष्ट कोळसा. मोम्बासा महामार्गाच्या कडेला कोळशाची पोती विकायला मांडलेली दिसतात. शहरातल्या चुली त्यावर चालतात आणि दुष्काळी वर्षात खेड्यातलं घरही. झाडं तोडून भट्टी लावणाऱ्यांची मुलं तुमच्यासमोर बसलेली असतील. त्यांच्या आईवडिलांना गुन्हेगार ठरवणारा धडा घेऊ नका. कोळसा का पाडावा लागतो, पोत्याचे पैसे कुठे जातात, कोणतं झाड किती वर्षांत परत वाढतं, असे प्रश्न विचारा. मुलं त्यावर मोकळेपणानं बोलतात.

याच वाचनात वांगारी माथाई यांचं काम जरूर पाहा. त्यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली ग्रीन बेल्ट ही झाडं लावण्याची चळवळ आणि २००४ चं शांततेचं नोबेल यांबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मला मात्र त्या चळवळीतला एक छोटा नियम फार मोलाचा वाटतो. रोपं वाढवणाऱ्या बायांना मोबदला मिळायचा तो लावलेल्या रोपामागे नव्हे, जगलेल्या रोपामागे. रोपवाटिकेबद्दल पुढे लिहितो तेव्हा या नियमाकडे परत यावं लागेल.

२. कोणाबरोबर जायचं

एकट्यानं जाऊन एखाद्या शाळेचं दार ठोठावू नका. केनियात शाळांमधल्या पर्यावरणकामाची परंपरा आपल्या समजुतीपेक्षा जुनी आहे. वाइल्डलाइफ क्लब्ज ऑफ केनिया ही शाळांमध्ये निसर्ग मंडळं चालवणारी संस्था १९६८ पासून आहे. जेन गुडॉल यांचा रूट्स अँड शूट्स हा उपक्रम शेजारच्या टांझानियात १९९१ मध्ये सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला. सरकारी शाळांतली फोर-के मंडळं, म्हणजे शेतीची बालमंडळं, २०२१ मध्ये नव्यानं सुरू करण्यात आली. आधीपासून चालू असलेल्या अशा एखाद्या कामात आपला हात लावणं हा सगळ्यात चांगला मार्ग.

पैसे घेऊन स्वयंसेवक पाठवणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत. सगळ्याच वाईट नाहीत, पण पैसे भरण्यापूर्वी त्यांना लेखी विचारा. मी भरलेल्या रकमेतला किती भाग शाळेपर्यंत पोहोचतो? त्या शाळेनं स्वतः स्वयंसेवक मागितला आहे का, आणि कशासाठी? माझ्याआधी तिथे कोण होतं, त्यांनी काय केलं आणि आज त्यातलं काय शिल्लक आहे? स्थानिक शिक्षकाची नोकरी माझ्यामुळे जात नाही ना? माझी पोलीस पडताळणी तुम्ही मागणार आहात की नाही? शेवटच्या प्रश्नाला 'त्याची गरज नाही' असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा. मुलांजवळ कुणालाही विनाचौकशी सोडणारी संस्था तुमचीही काळजी घेणार नाही.

अनाथाश्रमात राहून शिकवण्याचे प्रस्ताव येतात. ते नाकारा. तिथल्या अनेक मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात असतात, आणि परदेशी पाहुण्यांच्या पैशांवर चालणारी अशी घरं मुलांना कुटुंबापासून दूर ठेवतात. केनिया सरकारनं २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली ती उगाच नव्हे.

३. कधी आणि किती काळ

शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. पहिलं सत्र जानेवारी ते एप्रिलची सुरुवात, दुसरं एप्रिलअखेर किंवा मेपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, तिसरं ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरपर्यंत. तिसरं सत्र आखूड असतं आणि परीक्षांनी भरलेलं. त्या सत्रात गेलात तर वर्गात बसायलाही जागा मिळणार नाही, आणि त्यात शिक्षकांची चूक नाही.

जानेवारीत किंवा एप्रिलअखेर जा आणि निदान एक पूर्ण सत्र राहा. दोन आठवड्यांसाठी जाणारे फक्त ओळखी करून परततात, आणि त्यांच्या येण्याजाण्यात शाळेचाच वेळ जातो. तेवढीच रजा मिळत असेल तर घरी बसून करण्यासारखी कामं शोधा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात ऑनलाइन कामांची सोय आहे. साहित्य तयार करणं, चित्रं काढणं, नकाशे बनवणं असं बरंच काम तिथे असतं.

४. कागदपत्रं

इथे बरेच जण चूक करतात. जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी सुरू केली आहे. ती ऑनलाइन मिळते, पण ती पाहुण्यांसाठी आहे. पगार घेत नाही म्हणजे ते काम नव्हे, असं कायदा मानत नाही. स्वयंसेवेलाही वेगळा परवाना लागतो. थोड्या मुदतीसाठी स्पेशल पास असतो, आणि धर्मादाय संस्थांबरोबर दीर्घकाळ काम करायचं असेल तर वर्ग 'आय'चा परवाना. अर्ज तुम्हाला बोलावणाऱ्या संस्थेनं करायचा असतो, म्हणून दोन-तीन महिने आधीच तिच्या मागे लागा. 'पर्यटक म्हणून या, पुढचं बघू' असं कुणी सांगितलं तर जाऊ नका. पकडले गेलात तर दंड तुम्हाला होईल आणि चौकशी शाळेच्या मुख्याध्यापकांची होईल.

पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. पदवीची प्रमाणपत्रं, शाळेचं निमंत्रणपत्र आणि विम्याची कागदपत्रं यांच्या छापील प्रती बरोबर ठेवा. खेड्यात नेटवर्क असेलच असं नाही.

५. तब्येत

पिवळ्या तापाची लस जाण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. ती आयुष्यभर चालते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच ती मिळते आणि तिथे आधी नंबर लावावा लागतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. बरोबर मिळणारं पिवळं कार्ड पासपोर्टइतकं जपा. केनियातून परतताना ते नसेल तर भारतातल्या विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. धनुर्वात, विषमज्वर आणि कावीळ 'अ' यांच्या लशींबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

हिवताप गंभीरपणे घ्या. तिथला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा आहे. तो वेगानं बिघडतो आणि त्यावर क्लोरोक्विन चालत नाही. प्रतिबंधक गोळ्या वेगवेगळ्या प्रकारच्या असतात. कोणती घ्यायची आणि परतल्यावर किती दिवस चालू ठेवायची, हे डॉक्टरच ठरवतील. मच्छरदाणी रोज लावा. तळ्यात किंवा संथ पाण्यात पोहू नका, कारण अशा पाण्यातून बिलहार्झिया हा कृमींचा आजार होतो.

विमा घेताना रुग्णाला विमानानं हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे का ते पाहा. नैरोबीतल्या अमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सची सेवा याच कामासाठी आहे. खेड्यातून मोठं रुग्णालय कित्येक तासांवर असतं.

६. सामान

प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे आणि शिक्षा ४० लाख शिलिंग दंड किंवा चार वर्षं कैद इथपर्यंत जाते. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली. दोन्हीकडचा अनुभव मुलांपुढे मांडण्यासारखा आहे, पण त्यासाठी तुमच्या स्वतःच्या बॅगेतून चपला गुंडाळलेली कॅरीबॅग निघायला नको. कापडी पिशव्या न्या.

बाकी सामान थोडकं न्या. चांगला टॉर्च, पायाला झाकणारे बूट (साप आहेत), टोपी, पाण्याची बाटली, तीन चौकोनी पिनांचा प्लग, साधे पण नीटनेटके कपडे. तिथले शिक्षक इस्त्रीचे कपडे घालून शाळेत येतात. ढगळ टी-शर्टात गेलात तर त्याचा अर्थ ते अनादर असा घेतात. मुलांना वाटायला खेळणी, पेन, चॉकलेटं नेऊ नका. काही द्यायचंच असेल तर मुख्याध्यापकांना विचारून शाळेसाठी द्या, आणि ते तिथल्याच बाजारातून घ्या.

७. पोहोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

मुंबईहून नैरोबी थेट विमानानं सहा तासांच्या आसपास. तिथून ताइता-तावेतातल्या वोई गावाला नव्या रेल्वेनं जाता येतं. ही गाडी २०१७ मध्ये सुरू झाली. जुना रुळमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला तो भारतातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांच्या घामावर. त्सावोच्या पुलाजवळ सिंहांनी माणसं मारली ती १८९८ ची घटना, आणि मेलेल्यांत आपल्याकडचे लोक होते. हा इतिहास माहीत असू द्या, कारण तुमच्या चेहऱ्याबरोबर तो तिथे पोहोचतो. लोक तुम्हाला 'म्हिंदी' म्हणतील. त्यांच्या डोक्यात म्हिंदी म्हणजे बहुधा दुकानदार, कारखानदार, मालक. २०१७ मध्ये सरकारनं आशियाई वंशाच्या केनियन नागरिकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, तरी मनातलं अंतर अजून बरंच आहे. त्यावर वाद घालू नका. शिक्षकांच्या खोलीत बसा, त्यांच्याबरोबर चहा प्या, ते खातात ते खा. हळूहळू नावानं हाक मारायला लागतील, मग 'म्वालिमू' म्हणजे शिक्षक म्हणतील.

खाण्याची काळजी शाकाहारी माणसानंही करू नये. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिच्याबरोबर सुकुमा विकी ही पालेभाजी. शाळेत दुपारी गिथेरी म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवून देतात. मूग तिथे न्देंगू म्हणून मिळतो आणि तूर म्बाझी म्हणून. उकाम्बानीची, म्हणजे माचाकोस, मकुएनी आणि कितुई भागाची, तूर भारतात निर्यात होते. आपल्या आमटीचा आणि त्यांच्या शेताचा हा संबंध मुलांना सांगितला की त्यांना भारत एकदम जवळ वाटतो.

किस्वाहिली शिकायला सुरुवात इथूनच करा. चौथीपासून शिकवणं इंग्रजीत असतं, पण विनोद, रागावणं आणि मनातलं बोलणं किस्वाहिलीत किंवा घरच्या भाषेत, म्हणजे ताइता भागात किदाविदात आणि त्याच्या उत्तरेला किकाम्बात. सुदैवानं किस्वाहिली जशी लिहिली तशी वाचली जाते आणि देवनागरीत छान उतरते. माजी म्हणजे पाणी, म्ती म्हणजे झाड, म्वुआ म्हणजे पाऊस, उदोंगो म्हणजे माती, मकाआ म्हणजे कोळसा, ताकाताका म्हणजे कचरा. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणा. ही नमस्काराची रीत किनाऱ्याकडे आणि या पट्ट्यात मान मिळवून देते.

या दोन आठवड्यांत शिकवू नका. वर्गात मागच्या बाकावर बसा. शाळेच्या आवारातली झाडं मोजा, पाणी कुठून येतं ते पाहा, मुलं कोणत्या वाटेनं येतात ते त्यांच्याबरोबर चालून बघा. एक नियम मात्र कधी मोडू नका. अंधार पडल्यावर आणि पहाटे एकट्यानं वाटेला लागू नका. हत्तींच्या फिरण्याची वेळ तीच असते, आणि गावकरी सांगतील ते ऐका.

मोबाइलचं सिम पासपोर्ट दाखवून घ्या आणि एम-पेसा सुरू करा. २००७ पासून चालू असलेल्या या सेवेवर भाजीवालीपासून दवाखान्यापर्यंत सगळे व्यवहार होतात.

८. वर्गात काय करायचं

केनियात २०१७ मध्ये नव्या अभ्यासक्रमाची चाचणी झाली आणि २०१९ पासून तो देशभर टप्प्याटप्प्यानं लागू झाला. तो करून शिकण्यावर भर देतो. पहिली ते तिसरीला पर्यावरणाचा स्वतंत्र विषय आहे, आणि वरच्या वर्गांत विज्ञान आणि शेतीतून तो येतो. म्हणजे तुम्ही काही नवीन घेऊन जात नाही. शिक्षकाबरोबर बसून पाठ्यक्रमातला या सत्रातला घटक निवडा आणि त्याला प्रयोगाची जोड द्या. वर्गात ४०-५० मुलं असतात, कधी त्याहून जास्त. प्रयोगशाळा नाही, प्रोजेक्टर नाही. दोन धडे सविस्तर सांगतो. मला ते दोन्ही फार आवडतात, कारण त्यांना शाळेबाहेरची जमीनच साहित्य म्हणून पुरते.

*वाळूतलं पाणी.* माचाकोस, कितुई आणि मकुएनीत कोरड्या नदीच्या पात्रात वाळूचे बंधारे आहेत. पात्रात आडवी काँक्रीटची भिंत घालतात. पुरासोबत आलेली जाड वाळू तिच्यामागे साठते आणि वाळूच्या पोकळ्यांत पाणी राहतं. वरून ऊन लागत नाही, त्यामुळे ते उडून जात नाही. मुलांना नदीत खड्डा खणून पाणी काढणं लहानपणापासून माहीत असतं. त्यांना फक्त मोजमाप द्यायचं आहे.

तेलाचा पाच लिटरचा डबा वरून कापा. त्यात किती मग पाणी मावतं ते आधी मोजा. मग तो सुकवून नदीतली कोरडी वाळू काठोकाठ भरा आणि परत मगानं पाणी ओता. मुलांना आधी अंदाज करायला सांगा. बहुतेक जण म्हणतील, डबा भरलेला आहे, पाणी मावणारच नाही. एक मग जातो, दुसरा जातो, तिसरा जातो आणि वर्गात गलका सुरू होतो. डब्यात दहा मग पाणी मावत असेल तर वाळूनं भरल्यावरही साडेतीनच्या आसपास मावतं. मग डब्याच्या तळाशी खिळ्यानं भोक पाडा आणि खाली भांडं धरून किती पाणी परत मिळतं ते मोजा. हाच प्रयोग बारीक मातीबरोबर करा. माती पाणी धरून ठेवते आणि सोडायला फार वेळ लावते. जाड वाळू का हवी, हे मुलं आपणहून सांगतात.

धडा इथे संपत नाही. बांधकामासाठी नदीतून वाळू उपसली तर विहिरींचं काय होईल, हा पुढचा प्रश्न मुलांकडूनच येतो. मकुएनी जिल्ह्यानं २०१५ मध्ये वाळू संवर्धनाचा स्वतःचा कायदा केला. तो का केला असेल, हे त्यांना विचारा. आपल्याकडच्या वाळू उपशाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. दोन देशांतल्या मुलांपुढचा प्रश्न एकच आहे हे कळलं की चर्चेला वेगळं वजन येतं.

*हत्तीचा पाय आणि मधमाशी.* त्सावोजवळच्या शाळेत असाल तर मोकळ्या मातीत हत्तीच्या पायाचा ठसा सापडणं अवघड नाही. पण तो गावकऱ्यांनी सुरक्षित म्हटलेल्या जागीच, दिवसाउजेडी आणि शिक्षक बरोबर असतानाच बघायला जा. पुढच्या पायाच्या गोल ठशाभोवती दोरा लावा. त्या दोऱ्याच्या साधारण दुप्पट म्हणजे हत्तीची खांद्यापर्यंतची उंची. दोरा दुमडून भिंतीवर खूण करा. मुलं त्या खुणेखाली उभी राहतात, उंची मोजतात, गुणाकार करतात. गणिताचे शिक्षकही खूश होतात, आणि ते खूश होणं तुमच्या कामासाठी महत्त्वाचं आहे.

मग विचारा की एवढा मोठा प्राणी कशाला घाबरतो. वोईजवळच्या सगाल्ला भागात डॉ. लुसी किंग यांनी सेव्ह द एलिफंट्स या संस्थेमार्फत मधमाश्यांच्या पेट्यांची कुंपणं उभी केली. शेताभोवती दर दहा मीटरवर पेटी टांगतात आणि पेट्या तारेनं जोडतात. हत्तीनं तारेला धक्का दिला की पेट्या हलतात, माश्या उठतात आणि हत्ती मागे फिरतो. शेतकऱ्याला पिकाबरोबर मधही मिळतो. अशी कुंपणं असलेल्या शेतकऱ्यालाच वर्गात बोलवा. तुम्ही अर्धा तास बोलण्यापेक्षा तो दहा मिनिटं बोलला तर मुलं जास्त शिकतात. दुष्काळात फुलं नसली की पेट्या ओस पडतात, हेही तो सांगेल. उपायाच्या मर्यादा मुलांपासून लपवू नयेत.

बाकी धडे तुम्हाला तिथेच सुचतील. कापलेल्या तीन बाटल्यांत उघडी माती, पाचोळ्यानं झाकलेली माती आणि गवत लावलेली माती घेऊन वरून सारखंच पाणी ओतलं की धूप म्हणजे काय ते दिसतं. घाणेरी दोन्ही देशांत माजली आहे. वेडी बाभूळ तिकडे 'मथेंगे' नावानं बारिंगोसारख्या भागांत कुरणं गिळते आहे. ताइताच्या टेकड्यांवर शाळा असेल तर नशीबवान आहात. न्गांगाओ आणि म्बोलोलोसारख्या ढगांतल्या जंगलाच्या तुकड्यांत ताइता थ्रश हा पक्षी आहे, आणि तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिथली मुलं तो पाहायला जाऊ शकतात. आपल्या गावाजवळ जगातली एकमेव गोष्ट आहे हे मुलाला कळणं मला कोणत्याही घोषणेपेक्षा मोठं वाटतं.

९. रोपवाटिका काढायची असेल तर

प्रत्येक स्वयंसेवकाला झाडं लावायची असतात. केनिया सरकारनंही २०३२ पर्यंत १५ अब्ज झाडांचं लक्ष्य ठेवलं आहे. पण अडचण पाण्याची आणि सुट्टीची आहे. ऑगस्टच्या सुट्टीत शाळा बंद, पाऊस नाही, आणि रोपं वाळून जातात. म्हणून खड्डा खणण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या: सुट्टीत पाणी कोण घालणार, आणि ते पाणी कुठून येणार. उत्तर नसेल तर रोपांची संख्या कमी करा. पाचशे रोपांचा फोटो काढून परतण्यापेक्षा जवळच्या तीन घरांतल्या मुलांनी पत्करलेली तीस रोपं बरी.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन रोपांसाठी वापरता येतात. बिया स्थानिक झाडांच्या घ्या. 'मुकाऊ' हे या कोरड्या भागातलं उत्तम लाकूड देणारं झाड आहे. त्याचं बी सहज उगवत नाही, त्याची युक्ती जाणणारा शेतकरी शोधा. कडुनिंब तिथे चांगला वाढतो आणि लोकांना आवडतो, पण तो बाहेरून आलेला आहे, तेव्हा फक्त तोच लावू नका. लागवड पावसाच्या तोंडावर करा, आणि मोजणी सत्राच्या शेवटी, जगलेल्या रोपांची. वांगारीबाईंचा नियम मुलांना सांगा. पुढच्या सत्रात हीच मोजणी मुलांनी तुमच्याशिवाय करायची आहे, म्हणून वहीचे रकाने त्यांनाच आखू द्या.

१०. मुलांची सुरक्षितता आणि फोटो

कोणत्याही मुलाबरोबर एकट्यानं बंद खोलीत थांबू नका. मुलांना स्वतःचा नंबर देऊ नका. केनियातल्या शाळांत मारण्यावर २००१ पासून बंदी आहे. तरी कुठे छडी दिसली तर वर्गासमोर शिक्षकाशी भांडू नका. तुमच्या संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी सांगा.

फोटोंबाबत २०१९ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे. पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो प्रसिद्ध केल्याबद्दल २०२३ मध्ये एका शाळेला साडेपंचेचाळीस लाख शिलिंग दंड झाला. कायदा नसता तरी विचार करायलाच हवा होता. आपल्या मुलांचे, फाटक्या गणवेशातले, अनोळखी परदेशी माणसाच्या गळ्यात हात टाकलेले फोटो कुणी जगभर फिरवले तर आपल्याला चालेल का? हातांचे, रोपांचे, फळ्यावरच्या चित्रांचे फोटो काढा.

११. निघताना आणि परतल्यावर

शेवटचे तीन आठवडे तुम्ही शिकवायचं नाही. शिक्षकानं शिकवायचं आणि तुम्ही डबे-बाटल्या धुवायच्या. प्रत्येक प्रयोग एका पानावर, त्याच शिक्षकाच्या हस्ताक्षरात, एका वहीत उतरवून ठेवा: साहित्य काय, कुठून आणलं, काय फसलं, मुलांनी कोणते प्रश्न विचारले. ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहू द्या, तुमच्या बॅगेत नको. रोपांना पाणी घालणाऱ्या घरांची यादी आणि पाहुणे म्हणून आलेल्या शेतकऱ्यांची नावंही त्यातच लिहा.

परत आल्यावर हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी केनियात होतो' किंवा 'मी केनियात होते' हेच सांगा आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला त्या शिक्षकाला एक फोन करा, आणि पुढचा स्वयंसेवक जाणार असेल तर त्याचं तिकीट निघण्याआधी त्याची आणि त्या शिक्षकाची गाठ फोनवर घालून द्या.